कायदा मंजूर होईपर्यंतचे उत्तम, त्यानंतरचे अपुरे: नव्या पेठेतील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर मध्य आणि पूर्व युरोपातल्या देशांनी आपल्या अल्पसंख्याकांना हक्क केव्हा दिले, कोणाच्या दबावाखाली दिले आणि दिलेले हक्क पुढे किती टिकले, एवढ्याच विषयाला वाहिलेला एक सशुल्क अभ्यासवर्ग पुण्यात नव्या पेठेत संध्याकाळी भरतो. मंडळ लहान आहे, जागा मोजक्या असतात आणि नाव छापू नये अशी चालकांची विनंती असल्याने मी ते येथे देत नाही. त्या भागातल्या अभ्यासिकांमध्ये किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे चौकशी केली तर पत्ता सहज मिळतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या शहरात व्याख्यानांची वानवा कधीच नव्हती. परंतु व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवून घरी जाणे वेगळे, आणि जनगणनेचे तक्ते, कायद्याची कलमे व नकाशे टेबलावर पसरून तासन्‌तास वाद घालणे वेगळे. हा वर्ग दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून त्याचे परीक्षण सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

माझे मत आधीच सांगतो. कायदा मंजूर होईपर्यंतचे राजकारण हा वर्ग इतक्या बारकाईने शिकवतो की तसे शिक्षण मला मराठीतून अन्यत्र मिळालेले नाही. कायदा मंजूर झाल्यानंतर कचेरीच्या खिडकीशी, शाळेच्या वर्गात आणि न्यायालयात जे राजकारण चालते, ते मात्र तो घाईत उरकतो. पहिल्या गुणासाठी प्रत्येकाने जावे आणि दुसऱ्या उणिवेबद्दल चालकांना स्पष्टपणे सांगावे, अशी माझी धारणा आहे.

वर्गाची सुरुवात बाल्टिक देशांपासून (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) होते आणि ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. लाटव्हिया १९९१ साली पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा नागरिकत्व सरसकट सर्व रहिवाशांना न देता १९४० च्या सोव्हिएत ताब्यापूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच बहाल करण्यात आले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले रशियन, युक्रेनियन, बेलारुसी आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुलेबाळे असे सात लाखांहून अधिक लोक ‘अनागरिक’ ठरले. हा निर्णय ऐकताच आपल्या मनात पहिली प्रतिक्रिया संतापाची उमटते. शिकवणारे सर मात्र तिथेच थांबायला लावतात आणि दुसरा तक्ता पुढे करतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात देशात लाटव्हियन लोक सुमारे तीन चतुर्थांश होते. १९८९ च्या सोव्हिएत जनगणनेत त्यांचे प्रमाण ५२ टक्क्यांवर आले होते. १९४१ आणि १९४९ साली हजारो कुटुंबे सायबेरियात हद्दपार झाली होती. आपल्याच देशात आपली भाषा अल्पसंख्य होण्याची भीती कल्पनेतली नव्हती. एका बाजूचा इतिहास दुसऱ्या बाजूचा अन्याय पुसून टाकत नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या अन्यायामुळे पहिलीचा इतिहास खोटा ठरत नाही, ही शिस्त पहिल्याच बैठकीत अंगवळणी पडते. पुढे सगळ्या देशांची चर्चा याच शिस्तीत होते.

यानंतर १९९८ सालच्या लाटव्हियातील जनमताची, म्हणजे सार्वमताची, बैठक येते आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचा तोच कळस आहे. १९९४ च्या नागरिकत्व कायद्यात वयोगटांप्रमाणे पाळ्या लावलेल्या होत्या. म्हणजे अमुक वर्षी अमुक वयाच्या लोकांनीच अर्ज करायचा. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त मॅक्स व्हान डेर स्टूल यांनी या पाळ्या रद्द कराव्यात आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या अनागरिकांच्या मुलांना नागरिकत्व सुलभपणे मिळावे, अशा शिफारशी वर्षानुवर्षे केल्या होत्या. जून १९९८ मध्ये संसदेने त्या स्वीकारल्या. राष्ट्रवादी पक्षाने लगेच सह्यांची मोहीम उघडली आणि ३ ऑक्टोबर १९९८ रोजी, संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी, प्रश्न जनतेपुढे गेला. दुरुस्त्या थोड्या फरकाने तरल्या. हा प्रसंग वर्गात नुसता सांगत नाहीत, तो घडवून दाखवतात. विद्यार्थ्यांचे चार गट केले जातात: सरकारपक्ष, राष्ट्रवादी पक्ष, उच्चायुक्तांचे कार्यालय आणि अनागरिक. तासभर चर्चा होते, अनागरिकांचा गट आपली बाजू तळमळीने मांडतो, आणि मग सर मतपत्रिका वाटू लागतात. तीन गटांना मतपत्रिका मिळतात. चौथ्या गटातले लोक हात पुढे करून उभे असतात; त्यांना भिंतीशी ठेवलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसण्यास सांगितले जाते. स्वतःच्या मुलांच्या नागरिकत्वावरचे जनमत देशातल्या सुमारे एक चतुर्थांश रहिवाशांनी असेच बाजूला बसून पाहिले. हे वाक्य पुस्तकात वाचले असते तर मी पान उलटले असते. भिंतीशी बसलेल्या सहाध्यायांकडे पाहिल्यावर ते मनातून जात नाही.

या बैठकीतून वर्गाचा मुख्य सिद्धान्तही उभा राहतो. बाहेरून आलेली शिफारस कितीही न्याय्य असली तरी ती आपोआप कायदा होत नाही. युरोपीय संघाचे दार उघडण्याचे आमिष आणि दार बंद राहण्याची भीती या दोन गोष्टी शिफारशीच्या पाठीशी उभ्या राहिल्या, तेव्हाच लाटव्हियाची राजधानी रिगा इथल्या संसदेतले आकडे हलले. १९९३ च्या जूनमध्ये कोपनहेगन येथे युरोपीय नेत्यांनी प्रवेशाच्या अटी ठरवल्या. त्यांत लोकशाही, कायद्याचे राज्य आणि मानवी हक्क यांच्या जोडीला अल्पसंख्याकांचा आदर व संरक्षण ही अटही घातली. याच अटीच्या जोरावर उच्चायुक्तांच्या पत्रांना वजन आले. एस्टोनियाचा प्रसंग त्याच वर्षीचा आहे. १९९३ च्या परकीयांविषयीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी लगेच सही केली नाही. त्यांनी मसुदा युरोप परिषदेकडे (युरोपीय संघाहून वेगळी, मानवी हक्कांचे काम पाहणारी संघटना) आणि सुरक्षा व सहकार्य परिषदेकडे (वर आलेल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेचे तेव्हाचे नाव) अभिप्रायासाठी धाडला आणि दुरुस्तीनंतरच मंजुरी दिली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात नार्व्हा आणि सिल्लामाए या रशियन भाषकांच्या शहरांनी स्वायत्ततेवर जनमत घेतले. सरकारने ते बळाने थांबवू नये आणि शहरांनी न्यायालयाचा निकाल मानावा, अशी दोन्ही बाजूंची कबुली व्हान डेर स्टूल यांनी मिळवली होती. न्यायालयाने जनमत अवैध ठरवले, शहरांनी ते मानले आणि रक्त सांडले नाही. दक्षिणेकडे युगोस्लाव्हियाच्या यादवीत त्याच वर्षी काय चालले होते हे ज्यांना आठवते, त्यांना या शांततेची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

स्लोव्हाकियाची बैठक मला व्यक्तिशः सर्वांत जास्त भिडली, कारण तिथे राजकारणाचा अगदी घरगुती परिणाम दिसतो. व्लादिमिर मेचियार यांच्या सरकारने नोव्हेंबर १९९५ मध्ये राज्यभाषेचा कायदा केला. त्याने १९९० चा जुना भाषा कायदा रद्द झाला आणि ज्या गावांत अल्पसंख्याक २० टक्के होते तिथे त्यांची भाषा कारभारात वापरण्याची जी सोय होती, तीही त्याबरोबर गेली. देशाच्या लोकसंख्येत सुमारे १० टक्के असलेल्या हंगेरियन समाजाला याची झळ कुठे लागली, हे समजावताना ही बैठक घेणाऱ्या मॅडमनी शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा विषय काढला. हंगेरियन माध्यमाच्या शाळांमध्ये प्रगतिपुस्तक दोन्ही भाषांत देण्याची पद्धत होती. १९९७ साली ती बंद करण्यात आली. मूल वर्षभर हंगेरियनमधून शिकले, परीक्षा हंगेरियनमधून दिली, आणि आईवडिलांच्या हातात पडलेला कागद मात्र केवळ स्लोव्हाक भाषेत. कलमांची आणि टक्केवारीची चर्चा ऐकून ज्यांचे लक्ष उडते, त्यांनाही हा कागद डोळ्यांपुढे आणता येतो. डिसेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत स्लोव्हाकियाला प्रवेशाच्या वाटाघाटींच्या पहिल्या फळीतून वगळले गेले आणि कारण आर्थिक नसून राजकीय होते. पुढच्या वर्षी निवडणुकीनंतर मिकुलाश झुरिंदा यांचे सरकार आले, हंगेरियन आघाडीचा पक्ष त्यात सामील झाला, द्वैभाषिक प्रगतिपुस्तके परत आली आणि जुलै १९९९ मध्ये अल्पसंख्याकांच्या भाषांचा कायदाही झाला.

इथे मॅडम विचारतात तो प्रश्न वर्गाच्या दर्जाची साक्ष देतो: हंगेरियन पक्षाने या कायद्यावर कोणत्या बाजूने मतदान केले? बहुतेकांचे उत्तर ‘अर्थातच बाजूने’ असे येते. प्रत्यक्षात सरकारमध्ये असूनही त्या पक्षाने विरोधात मत दिले, कारण कायदा तोकडा होता आणि शिक्षण व संस्कृती हे विषय त्यात आलेच नव्हते. ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, दाखवण्यापुरता कायदा हवा होता, तेवढा झाला. ज्यांच्यासाठी तो केला त्यांची मागणी आणि ज्यांना दाखवण्यासाठी केला त्यांची अपेक्षा यांत अंतर राहिले. हे अंतर कुठून येते आणि ते कोणाच्या सोयीचे असते, यावर त्या संध्याकाळी जेवढी चांगली चर्चा झाली तेवढी मी पुण्यातल्या कोणत्याही सभागृहात ऐकलेली नाही.

त्यानंतरचा विषय टक्केवारीच्या उंबरठ्याचा आहे आणि मराठी माणसाने तो जीव लावून ऐकावा. रोमानियात १९९६ साली हंगेरियन लोकशाही आघाडी सत्तेत सहभागी झाली आणि २००१ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने २० टक्क्यांचा नियम आणला: गावात वा शहरात अल्पसंख्याक इतके असतील तर फलक, अर्ज आणि कारभार त्यांच्या भाषेतही. मार्च १९९० मध्ये तिथल्याच तर्गु मुरेश शहराच्या रस्त्यांवर रोमानियन आणि हंगेरियन जमाव एकमेकांवर तुटून पडले होते आणि माणसे मेली होती. त्या पार्श्वभूमीवर अवघ्या अकरा वर्षांत एवढी मजल मारणे ही लहान गोष्ट नव्हती. पण क्लुज शहराचे काय झाले? तिथे गेओर्गे फुनार हे राष्ट्रवादी महापौर १९९२ ते २००४ पर्यंत सत्तेवर होते आणि त्यांनी बागेतली बाके व रस्त्यांवरचे खांबसुद्धा राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांत रंगवून टाकले होते. २००२ च्या जनगणनेत तिथल्या हंगेरियन लोकांचे प्रमाण सुमारे १९ टक्के भरले, म्हणजे उंबरठ्याला एक टक्का कमी. हजारो माणसे, शतकांचा वावर, स्वतःची नाट्यगृहे आणि शाळा असूनही फलकाचा कायदेशीर हक्क हुकला. शहराच्या वेशीवर बहुभाषिक फलक लागायला २०१७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

निपाणीहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने त्या वेळी आपल्या पिशवीतून एक छापील अर्ज काढून टेबलावर ठेवला. वरपासून खालपर्यंत तो कन्नडमध्ये होता, आणि तिच्या आजीने त्यावर अंगठा उठवला होता तो मजकूर न समजता. तिने एवढेच विचारले की, “सर, आमच्याकडे किती टक्क्यांना कागद मिळतो?” सरांनी उत्तर टाळले नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेबरोबर केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी निवेदन काढले, त्यात जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेत प्रसिद्ध करावेत असे म्हटले होते. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी ३५० अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचे ३५० ब ही कलमे घातली. म्हणजे ब्रातिस्लाव्हा आणि बुखारेस्ट या स्लोव्हाकिया व रोमानियाच्या राजधान्यांमध्ये जो उंबरठा नव्वदच्या दशकात चर्चेला आला, त्याच्याशी मिळताजुळता उंबरठा आपल्याकडे कागदावर फार आधी आला होता. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले मराठी लोक आजही मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून आंदोलने करतात, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण महाराष्ट्रातल्या कन्नड, तेलुगू, उर्दू आणि सिंधी भाषकांना आपण किती कागद त्यांच्या भाषेत देतो, हा प्रश्नही सरांनी त्याच दमात विचारला. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. बेळगावसाठी पोटतिडकीने बोलणाऱ्या आपण सर्वांनी या प्रश्नाला तितक्याच प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बल्गेरिया आणि मॅसिडोनिया (आजचा उत्तर मॅसिडोनिया) यांना एकेक छोटी बैठक मिळते आणि तेवढी पुरेशी आहे. बल्गेरियातल्या कम्युनिस्ट राजवटीने १९८४ पासून तुर्क नागरिकांची नावे सक्तीने बदलली, १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात निघून गेले, आणि राजवट पडल्यावर १९९० मध्ये नावे परत घेण्याची मुभा मिळाली. त्याच देशाच्या १९९१ च्या घटनेने वांशिक आधारावरील पक्षांना बंदी केली, तरी मुख्यत्वे तुर्कांचा असलेला हक्क आणि स्वातंत्र्य चळवळ हा पक्ष घटना न्यायालयात टिकला आणि पुढे सरकारे बनवण्याच्या गणितात वारंवार निर्णायक ठरला. मॅसिडोनियात २००१ च्या सशस्त्र संघर्षानंतर १३ ऑगस्ट रोजी ओहरिड करार झाला. काही विषयांवरील कायद्यांना एकूण बहुमताबरोबर अल्पसंख्याक समाजांच्या खासदारांतलेही बहुमत लागेल अशी तरतूद त्यातून आली. फ्रेंच कायदेपंडित रॉबेर बादिंतेर यांच्या नावाने ती ओळखली जाते. गंमत नव्हे तर खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, युरोप परिषदेच्या १९९५ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक संरक्षण करारावर खुद्द फ्रान्सने आजवर सहीच केलेली नाही. नव्याने येणाऱ्यांकडून जे मागायचे ते जुन्या सदस्यांना लागू नाही, हा दुटप्पीपणा पूर्व युरोपातल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी प्रत्येक प्रचारसभेत वापरला, आणि त्यांच्या हाती ते कोलीत देण्याची जबाबदारी पश्चिमेचीच होती.

आता तक्रारीकडे येतो. मे २००४ मध्ये आठ माजी साम्यवादी देश युरोपीय संघात गेले, जानेवारी २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरिया गेले, आणि अभ्यासक्रमाची गती तिथे एकदम वाढते. जणू प्रवेश मिळाला आणि विषय संपला. खरे तर विषय तिथून सुरू होतो, कारण आमिष संपल्यावर कोणता हक्क टिकला आणि कोणता आक्रसला, हीच सुधारणांची कसोटी आहे. स्लोव्हाकियाने २००९ मध्ये राज्यभाषेच्या कायद्यात दुरुस्ती करून पाच हजार युरोपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. लाटव्हियाने २०१८ आणि २०२२ मध्ये, तर एस्टोनियाने २०२२ च्या अखेरीस शालेय शिक्षण टप्प्याटप्प्याने राज्यभाषेत नेण्याचे कायदे केले. अनागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत देऊ देणारा एस्टोनिया हा इतकी वर्षे लाटव्हियापेक्षा उदार मानला जात होता. मार्च २०२५ मध्ये तिथे घटनादुरुस्ती करून रशिया आणि बेलारुसच्या नागरिकांचा तो हक्क काढण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर झालेल्या आक्रमणानंतर या देशांची धास्ती समजण्यासारखी आहे, आणि क्रेमलिनने ‘रशियन भाषकांचे रक्षण’ हे निमित्त कसे वापरले हेही विसरता येत नाही. परंतु नार्व्हामध्ये जन्म घालवलेल्या म्हाताऱ्या कामगाराचा नगरपालिकेतला मताधिकार आणि राष्ट्राची सुरक्षितता यांचा तोल कसा साधायचा, हा आजचा जिवंत प्रश्न आहे आणि त्याला पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी होती. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे: जानेवारी २०२० पासून लाटव्हियात अनागरिकांच्या नवजात मुलांना नागरिकत्व आपोआप मिळू लागले, म्हणजे बाहेरचे आमिष संपल्यानंतरही सुधारणा होऊ शकते. ती कोणत्या देशांतर्गत समीकरणामुळे झाली, याचे विश्लेषण वर्गाच्या मूळ सिद्धान्ताला आव्हान देणारे ठरले असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. रोमा समाजाचा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हटले जाई) विषय शेवटच्या बैठकीच्या उत्तरार्धात कोंबलेला आहे. मध्य युरोपात दारिद्र्य, वस्त्यांचे विलगीकरण आणि उघड तिरस्कार यांना सर्वाधिक तोंड देणारा समाज हाच आहे, आणि त्याच्या पाठीशी हंगेरी वा रशियासारखा शेजारी देश उभा नसल्यामुळे उच्चायुक्तांच्या संघर्ष टाळण्याच्या चौकटीत त्याला क्वचितच अग्रक्रम मिळाला. नेमकी हीच गोष्ट वर्गाने ठळक करायला हवी होती. त्याऐवजी वर्गानेच तिची पुनरावृत्ती केली. चेक प्रजासत्ताकात उस्ती नाद लाबेम शहरातल्या माटिचनी रस्त्यावर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये रोमा कुटुंबांची घरे शेजाऱ्यांपासून तोडणारी भिंत उभारली गेली आणि जगभरच्या निषेधानंतर ती नोव्हेंबरमध्ये पाडण्यात आली, एवढे सांगितले जाते. पण ऑस्त्राव्हा शहरातल्या १८ रोमा मुलांच्या खटल्याला मोजकीच मिनिटे मिळतात. मतिमंद मुलांसाठीच्या विशेष शाळांत रोमा मुलांना कसे ढकलले जात होते, याचे आकडे त्या खटल्यात पुढे आले: शहरातल्या प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा मुले अडीच टक्क्यांहूनही कमी होती आणि विशेष शाळांत मात्र निम्म्याहून अधिक. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. अशा तरतुदी वरवर सर्वांना सारख्या दिसतात, चाचणी सर्वांची एकच असते, आईवडिलांची संमतीची सहीसुद्धा कागदावर असते, आणि तरी परिणाम एका समाजाला शाळेबाहेर काढण्याचा होतो, हे न्यायालयाने आकडेवारीवरून ओळखले. फुले दांपत्याने १८४८ साली ज्या शहरात शाळा उघडली, त्या शहरात बसून हा निकाल घाईत वाचून पुढे सरकणे मला असह्य झाले, आणि ते मी वर्गानंतर चालकांना सांगितले. पुढच्या तुकडीत स्वतंत्र बैठक ठेवण्याचा विचार आहे असे उत्तर मिळाले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. सभागृह लहान पण हवेशीर आहे, ध्वनिवर्धकाची गरज पडत नाही, पाठीमागे बसलेल्यालाही नकाशा दिसतो. जिना उंच आहे आणि उद्वाहन नाही, त्यामुळे ज्येष्ठांनी आधी फोन करून विचारावे. दुचाकी लावायला गल्लीत संध्याकाळी जागा मिळत नाही. शास्त्री रस्त्याने बसने येणे बरे. शुल्क विद्यार्थ्यांना निम्मे आहे आणि ज्यांना तेही शक्य नाही त्यांना हप्ते पाडून दिले जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रश्नोत्तरांना पुरेसा वेळ असतो आणि वाद तापला तरी कोणाचे बोलणे तोडले जात नाही. मतदानाच्या खेळानंतर राष्ट्रवादी पक्षाची बाजू मांडणाऱ्या तरुणाला काही जणांनी टोकले, तेव्हा त्याला नेमून दिलेली भूमिका त्याने चोख वठवली आहे आणि तिच्यातल्या युक्तिवादाला युक्तिवादानेच उत्तर द्यावे, अशी समज मॅडमनी दिली.

वाचनाची पुस्तिका वर्गाची सर्वांत मोठी ठेव आहे. कोपनहेगनच्या अटी, अल्पसंख्याक संरक्षण कराराची मुख्य कलमे, स्लोव्हाकियाचे १९९५ आणि १९९९ चे दोन्ही कायदे समोरासमोरच्या पानांवर, आणि १९९३ च्या हंगेरियन कायद्यातली अल्पसंख्याक स्वशासनाची रचना, हे सारे स्वच्छ मराठीत दिलेले आहे. समोरासमोर छापल्याने एका कायद्यातले कोणते वाक्य दुसऱ्यात गाळले गेले हे बोट ठेवून दाखवता येते, आणि मी ती पाने घरी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. नकाशे मात्र धूसर छापले आहेत. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रदेशातल्या जिल्ह्यांच्या सीमा भिंगाखालीही नीट दिसत नाहीत. शिवाय २००७ नंतरचे सगळे वाचन इंग्रजीत दिले आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे त्यांची तिथे अडचण होते. पहिल्या भागाचे भाषांतर इतक्या निगुतीने करणाऱ्या मंडळाला दुसऱ्या भागाचेही करता येईल याबद्दल मला शंका नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी केवळ टिपणांसाठी येथे येऊ नये, कारण पाठ करण्यासारखे मुद्दे इथे फारसे हाती पडत नाहीत. पत्रकार, वकील, शिक्षक, स्थानिक स्वराज्य संस्थांत काम करणारे कार्यकर्ते आणि सीमाभागाच्या प्रश्नाशी ज्यांचे नाते आहे असे सर्व यांनी मात्र अवश्य यावे. नोंदणी करताना रोमा समाजावरची स्वतंत्र बैठक अभ्यासक्रमात आली आहे का आणि २००७ नंतरचे वाचन मराठीत उपलब्ध झाले आहे का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. मागणी करणारे जितके जास्त तितके ते काम लवकर होईल.